ऑस्ट्रेलियाला निघण्याआधी: साप, कोळी आणि समुद्रासाठी लहान मुलांची तयारी

व्हिसा आला की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. कुणीतरी हौशी काका मुलाला मोबाइलवर बुटातून निघणारा कोळी आणि छतावरचा अजगर दाखवतात, आणि मूल रात्री दचकून उठायला लागतं. नाहीतर आई-बाबा म्हणतात, "तिकडे शाळेत शिकवतीलच की." घाबरलेलं मूल धोका समोर आला की पळतं किंवा लपवतं. आणि शाळेत शिकवेपर्यंतचे पहिले काही आठवडे, जेव्हा घर नवं, अंगण नवं आणि भाषा परकी असते, तेच सगळ्यात नाजूक असतात.

हा लेख साधारण तीन ते दहा वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आहे. निघायला दोन महिने असताना सुरुवात करा आणि क्रम मोडू नका: आधी शहर, मग आई-बाबांचं शिक्षण, मग मुलाच्या सवयी, मग इंग्रजी शब्द, मग तिकडचं घर. बरेच जण थेट मुलापासून सुरू करतात आणि त्याला वीस प्राण्यांची नावं पाठ करून घेतात. पाच वर्षांच्या मुलाला विषारी आणि बिनविषारी साप ओळखता येत नाही, तुम्हालाही येणार नाही. त्याला शिकवायचं ते हातांनी, पायांनी आणि आवाजाने काय करायचं एवढंच.

टप्पा १: आधी शहर पाहा, मग यादी करा

"ऑस्ट्रेलियात मगरी असतात" हे मेलबर्नला निघालेल्या मुलाला सांगून काही उपयोग नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरी उत्तरेकडे, डार्विन, केर्न्स, टाउन्सव्हिल या पट्ट्यात असतात. जीवघेणी बॉक्स जेलीफिशही तिकडचीच, आणि तिचा मुख्य हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे.

मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नेट, पॉइंट कुक या भागांत आपली खूप कुटुंबं राहतात. ही उपनगरं गवताळ माळावर वसली आहेत आणि तिथे टायगर स्नेक आणि ईस्टर्न ब्राउन हे दोन्ही अतिविषारी साप निघतात. सिडनीत फनेल-वेब कोळ्याची माहिती हवीच, विशेषतः उत्तरेकडच्या झाडीच्या, ओलसर उपनगरांत. ब्रिस्बेनला ईस्टर्न ब्राउन आहे, रेडबॅक कोळी आहे, अंगणात विषारी केन टोड बेडूक आहेत. तिथे छतात कार्पेट पायथन हा अजगर सापडला तर तो बिनविषारी असतो, पण मुलाने हात लावायचा नाही हा नियम त्यालाही लागू. कॅनबेरा आणि अ‍ॅडलेडला ईस्टर्न ब्राउन, पर्थला डुगाइट नावाचा विषारी साप आणि टायगर स्नेक. रेडबॅक जवळपास सगळीकडे.

तुमच्या शहरापुरती चार-पाच नावं एका कागदावर लिहा. ती तुमच्यासाठी. मुलाला यादी दाखवू नका.

*तपासून घ्या:* आजी-आजोबांची भीती याच टप्प्यावर कमी करा, कारण मूल त्यांच्याकडून ती उचलतं. ऑस्ट्रेलियात सर्पदंशाने वर्षाला सरासरी दोन-तीन माणसं दगावतात. भारतात २००० ते २०१९ या काळात हा आकडा वर्षाला सरासरी ५८,००० च्या आसपास असल्याचा अंदाज आहे. लहान मुलांना तिकडे खरा मोठा धोका पाण्याचा असतो: घरामागचा पोहण्याचा तलाव, समुद्र, नदी. म्हणून निघण्याआधीच पोहण्याचा वर्ग लावा. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

टप्पा २: आई-बाबांनी पट्टी बांधायला शिकायचं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण गावाकडे ऐकलेलं डोक्यात पक्कं बसलेलं असतं: वर दोरी आवळा, चिरा द्या, चोखा, चुना लावा, जखम धुवा. यातलं काहीही करायचं नाही.

ऑस्ट्रेलियातला कुठलाही साप, फनेल-वेब कोळी, निळ्या वलयांचा छोटा ऑक्टोपस आणि कोन शेल नावाचा विषारी शंख, एवढ्यांसाठीच ही पद्धत आहे:

१. मुलाला आहे तिथेच आडवं करा. एक पाऊलही चालू देऊ नका, कडेवर घेऊन गाडीकडे पळू नका. हालचालीने विष अंगात लवकर पसरतं.

२. ००० या तिकडच्या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा. दोघं असाल तर एकाने फोन, दुसऱ्याने पट्टी.

३. चावलेल्या जागेवर रुंद इलॅस्टिक पट्टी घट्ट गुंडाळा. रुंदी १० ते १५ सेंटिमीटर हवी. कपडे काढत बसू नका, वरूनच बांधा.

४. दुसरी पट्टी हाताच्या किंवा पायाच्या बोटांपासून सुरू करून वर काखेपर्यंत किंवा जांघेपर्यंत न्या. पट्टीखाली बोट सहज सरकता कामा नये, इतकी घट्ट.

५. काठी, लाटणं, गुंडाळलेलं मासिक, जे हाताशी असेल ते आधाराला लावून तो हात किंवा पाय बांधा, म्हणजे हलणार नाही.

६. चावलेली जागा पट्टीवर पेनने खूण करून ठेवा, वेळ लिहा. रुग्णवाहिका येईपर्यंत पट्टी सोडू नका.

जखम न धुण्याचं कारण असं की कातडीवर राहिलेल्या विषाचा नमुना इस्पितळात सापाचा गट ओळखायला उपयोगी पडू शकतो. साप पकडून, मारून सोबत नेण्याची गरज नाही.

दंश पोटावर किंवा पाठीवर असेल तर श्वासाला अडथळा होणार नाही असा दाब तिथेच द्या आणि मुलाला अजिबात हलू देऊ नका.

सरावासाठी मुलालाच आडवं करा आणि "आज मी तुझी इजिप्तवाली ममी बनवते" म्हणून पाय गुंडाळा. साप हा शब्दही काढायची गरज नाही. मुलाला हसत हसत स्थिर पडून राहायची सवय होते आणि तुमचा हात बसतो. ऑस्ट्रेलियात औषधाच्या दुकानात सर्पदंशाच्या अशा पट्ट्या मिळतात, ज्यांच्यावर छापलेले आयत योग्य ताण पडला की चौरस दिसतात. पोहोचल्यावर घरात, गाडीत आणि फिरायच्या बॅगेत त्या ठेवा, प्रत्येक ठिकाणी निदान तीन.

*इशारा १:* रेडबॅक कोळी, जेलीफिश, स्टोनफिश यांच्यासाठी ही पट्टी बांधायची नाही. रेडबॅकला कापडात गुंडाळलेला बर्फ लावा आणि लहान मूल असेल तर डॉक्टरकडे न्या. सिडनी परिसरात मोठा काळा कोळी चावला तर मात्र तो फनेल-वेब आहे असंच धरून पट्टी बांधा आणि ००० ला फोन करा.

*इशारा २:* ही पद्धत सुट्टीत गावी आल्यावर वापरू नका. आपल्याकडच्या घोणस आणि फुरशाच्या विषाने चावलेल्या जागीच भयंकर सूज येते, मांस सडू शकतं, आणि घट्ट पट्टीने विष तिथेच कोंडलं तर नुकसान वाढतं. महाराष्ट्रात हात किंवा पाय न हलवता, न आवळता, थेट इस्पितळ.

*तपासून घ्या:* आई आणि बाबा दोघांनाही, एकमेकांना न विचारता, पूर्ण पाय बांधता येतो का? एकालाच येत असेल तर टप्पा संपलेला नाही. एक जण ऑफिसला गेल्यावर काय, याचा विचार करा.

टप्पा ३: मुलाच्या तीन सवयी, इथेच, आपल्या घरात

विमानात बसण्याआधी या अंगवळणी पडायला हव्यात. पुण्यातल्या फ्लॅटमध्येही जमतात.

पाय. बूट घालण्याआधी उलटे करून आपटायचे. कोकणातल्या घरांत विंचवाच्या भीतीने हे आजही करतात, तेव्हा आजीला सांगा नातवंडाला शिकवायला, ती आनंदाने शिकवेल. बूट रात्री बाहेर ठेवायचे नाहीत. अंधारात अंगणात जायचं तर चप्पल आणि टॉर्च.

हात. जिथे डोळा पोचत नाही तिथे हात घालायचा नाही. दगडाखाली, ओंडक्याखाली, पत्रपेटीत, कुंडीच्या मागे, बॉल अडकला त्या फटीत. इथे सराव सोपा आहे: सोफ्याखाली खेळणं गेलं की आधी वाकून टॉर्चने बघायचं, मग काठीने ओढायचं. रोज होणारी गोष्ट असल्याने सवय पटकन लागते.

आवाज. यासाठी आपला स्टॅच्यूचा खेळ वापरा. "स्टॅच्यू!" म्हटलं की गोठायचं. मग "मागे" म्हटलं की समोर बघत हळू दोन-चार पावलं मागे. मग "हाक" म्हटलं की जोरात "आई, इकडे ये!" आधी मोज्याच्या गोळ्यासमोर खेळा, आठवडाभराने जमिनीवर कमरेचा पट्टा टाकून. काही दिवसांनी तुम्ही आज्ञा द्यायची थांबा, मुलाने पट्टा दिसल्यावर स्वतःहून तिन्ही करायला हवं.

"पळायचं नाही" हे यातूनच जातं, आणि तोच नियम साप, डिंगो (तिकडचा रानकुत्रा), कॅसोवरी (न उडणारा मोठा पक्षी) आणि झडप घालणारा मॅगपाय पक्षी, चौघांनाही चालतो. प्रत्येकासाठी वेगळा धडा शिकवावा लागत नाही.

आता या टप्प्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, जो जवळपास कुणीच करत नाही. ऑस्ट्रेलियातल्या अनेक सापांचे दात लहान असतात, त्यांचा दंश कधी कधी ओरखड्याएवढाच दिसतो आणि दुखतही नाही. निळ्या वलयांच्या ऑक्टोपसचा चावाही बहुधा कळत नाही, आणि थोड्याच वेळात श्वास बंद पडू शकतो. म्हणजे मुलाने "मला काहीतरी चावलं" असं सांगणं हाच कित्येकदा एकमेव पुरावा असतो. आणि मूल कधी सांगत नाही? जेव्हा ते नको म्हटलेल्या जागी गेलेलं असतं आणि ओरडा बसेल याची त्याला खात्री असते.

म्हणून मुलाशी तोंडी करार करा आणि तो पाळा: "चावलं, टोचलं, ओरखडलं असं सांगितलंस तर त्या दिवशी कुणीही रागावणार नाही. कुठे गेला होतास, कशाला गेलास, काहीही विचारणार नाही." या कराराची परीक्षा इथेच होते. मूल गच्चीवर नको तिथे चढून गुडघा फोडून आलं, तर त्या दिवशी तुम्ही काय बोलता ते ते लक्षात ठेवतं. "तुला सांगितलं होतं ना!" हे एक वाक्य तोंडातून गेलं की करार मोडला.

वयाप्रमाणे अपेक्षा ठेवा. तीन वर्षांखालच्या मुलाकडून काही अपेक्षा नाही. तिथे सगळी जबाबदारी तुमची, मूल हाताच्या अंतरावर. चार ते सहा वर्षांत स्टॅच्यू आणि करार. सातच्या पुढे कारणं सांगा, बूट झटकायचं का, पट्टी कशासाठी, आणि पट्टी बांधताना त्यांना मदतीला घ्या.

*तपासून घ्या:* बागेत खेळण्यात रमलेलं मूल अचानक पुकारल्यावर थांबतं का? तुमच्याकडे वळून "काय?" विचारत पुढेच चालत राहिलं, तर अजून सराव हवा.

टप्पा ४: इंग्रजी शब्द जिभेवर बसवा

घरात मराठी बोलणारं मूल पाळणाघरात "मला चावलं" म्हणून रडेल आणि तिथल्या बाई त्याला प्रेमाने पाणी देतील. हे टाळायचं असेल तर इतके शब्द पाठ हवेत: हेल्प. स्नेक. स्पायडर. इट बिट मी. हिअर, असं म्हणून बोट दाखवणं. आणि स्वतःचं पूर्ण नाव, तिकडच्या लोकांना कळेल इतक्या सावकाश.

सहा-सात वर्षांच्या मुलाला ००० शिकवा. फोन लॉक असला तरी इमर्जन्सी कॉल कसा करायचा हे दाखवा, पण प्रत्यक्ष नंबर लावून सराव करू नका. पलीकडून विचारतात: पोलीस, फायर की अ‍ॅम्ब्युलन्स. मुलाने "अ‍ॅम्ब्युलन्स" म्हणायचं आणि फोन ठेवायचा नाही. इंग्रजीत अडखळणाऱ्या मोठ्यांनीही आधी "अ‍ॅम्ब्युलन्स" आणि मग भाषेचं नाव सांगायचं, दुभाषा जोडून मिळतो. इमर्जन्सी प्लस हे मोफत अ‍ॅप घ्या, ते तुम्ही नेमके कुठे आहात ते दाखवतं. विषबाधेबद्दल शंका विचारायला १३ ११ २६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

*इशारा:* मेडिकेअर (ऑस्ट्रेलियाची सरकारी आरोग्य विमा योजना) असलं तरी त्यात रुग्णवाहिकेचा खर्च येत नाही. क्वीन्सलँड आणि टास्मानियात तिथल्या रहिवाशांना राज्य सरकार ती सेवा मोफत देतं. सिडनी, मेलबर्नला बिल येतं. तात्पुरत्या व्हिसावर असाल तर विम्यात अ‍ॅम्ब्युलन्स आहे का ते निघण्याआधी वाचा. बिलाच्या भीतीने फोन करायला पाच मिनिटं उशीर होणं परवडणार नाही.

टप्पा ५: पोहोचल्यावर पहिला शनिवार

सामान लावायच्या आधी अंगण. मुलांना घरात ठेवा, हातमोजे आणि बंद बूट घाला. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या खालच्या कडा, झोपाळा, कुंड्या, बार्बेक्यूचं झाकण, पत्रपेटी, सगळं उलटून बघा. रेडबॅक याच जागा धरतो. पाठीवर लाल पट्टा असलेला काळा कोळी आणि विस्कटलेलं, चिवट जाळं दिसेल. गवत कापून घ्या, पडलेले पत्रे, विटा, लाकडं हटवा, कारण साप उंदरांच्या आणि आडोशाच्या मागे येतो. खिडक्या-दारांच्या जाळ्या फाटलेल्या नाहीत ना, दाराखाली फट नाही ना, ते पाहा. घरात तलाव असेल तर कुंपणाचं फाटक आपोआप बंद होतं का ते स्वतः दहा वेळा उघडून तपासा.

सिडनीत तलावातून मेलेला दिसणारा कोळी हाताने काढू नका. फनेल-वेब पाण्याखाली कित्येक तास जिवंत राहतो.

साप निघाला तर मुलं आणि कुत्रा घरात, दार बंद, दाराखाली टॉवेल. लांबून नजर ठेवा आणि परवानाधारक साप पकडणाऱ्याला बोलवा. फावडं घेऊन बाबा बाहेर, हे दृश्य घडू देऊ नका. तिथे साप मारणं कायद्याने गुन्हा आहे, आणि मारायला किंवा पकडायला जाणाऱ्यांनाच साप अनेकदा चावतो.

टप्पा ६: फिरायला जाण्याआधी, जागेप्रमाणे

समुद्र. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं. झेंडे नसतील तर पाण्यात उतरायचं नाही. वाळूवरची निळी फुगीर पिशवी म्हणजे ब्लूबॉटल, जेलीफिशसारखा प्राणी, मेलेली दिसली तरी डंख करते. डंख झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, धागे काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात २० मिनिटं. पाणी आधी स्वतःच्या हातावर तपासा. व्हिनेगर यावर नको.

व्हिनेगर उष्ण कटिबंधासाठी, म्हणजे पूर्व किनाऱ्यावर बुंडाबर्गपासून उत्तरेला. तिथे जेलीफिशचा डंख झाला की ००० ला फोन, ३० सेकंद व्हिनेगर ओतणं, आणि श्वासावर लक्ष. जेलीफिशच्या हंगामात मुलांना पूर्ण अंग झाकणारा सूट आणि जाळी लावलेल्या भागातच पोहणं. हे दोन उपचार बरेच लोक उलटे करतात, म्हणून बॅगेच्या झाकणावर लिहून चिकटवा.

खडकातली डबकी. आपली मुलं गणपतीपुळ्याला, मालवणला शंख-शिंपले खिशात भरतात. तिकडे तो खेळ बंद. रिकाम्या दिसणाऱ्या शंखात ऑक्टोपस बसलेला असू शकतो. डोळ्यांनी पाहा, फोटो काढा, हात पाठीमागे.

उत्तरेकडच्या नद्या आणि खाड्या. मगरीसाठी कुठलीही युक्ती शिकवू नका. पाण्याच्या काठापासून निदान ५ मीटर दूर, फलक असो वा नसो, आणि मूल हात धरूनच. पाणी शांत दिसतं म्हणजे मगर नाही असं नसतं.

मॅगपाय. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये हा काळा-पांढरा पक्षी घरट्याच्या आसपास डोक्यावर झडप घालतो. टोपी, गॉगल, छत्री. सायकलवरून उतरून चालत जायचं आणि पुढचे काही आठवडे शाळेचा रस्ता बदलायचा. खडे मारायचे नाहीत, तो चेहरा ओळखतो.

वटवाघूळ. भटक्या कुत्र्याला हात लावू नकोस हे आपल्या मुलांना माहीत असतं. ऑस्ट्रेलियात रेबीजच्या जवळचा विषाणू वटवाघळांत असतो. जमिनीवर पडलेलं पिल्लू उचलायचं नाही. ओरखडा जरी आला तरी साबण-पाण्याने १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टर.

पूर्व किनाऱ्यावर झाडीतून आल्यावर मुलांचे केस, कानामागे, काखा तपासा. गोचीड दिसली तर नखाने किंवा साध्या चिमट्याने ओढू नका. औषधाच्या दुकानात तिला जागीच गोठवून मारणारा स्प्रे मिळतो.

टप्पा ७: आजी-आजोबा येण्याआधी

हा टप्पा सगळे विसरतात. मुलं वर्षभरात तयार झालेली असतात, आणि आजी सकाळी पूजेची फुलं काढायला अनवाणी अंगणात जाते, कुंडीमागे हात घालते. दुपारी तुम्ही कामावर असता आणि मूल त्यांच्या ताब्यात असतं. तेव्हा बंद चप्पल दाराशी ठेवा, पट्टी बांधण्याचा सराव त्यांच्याकडूनही करून घ्या, आणि नातवंडाला शिकवायला सांगा. मुलं हे काम मनापासून करतात. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत एक कागद लावा:

००० लावा. "अ‍ॅम्ब्युलन्स" म्हणा. मग "मराठी" म्हणा. फोन ठेवू नका.
आपला पत्ता: (घर क्रमांक, रस्ता, उपनगर, देवनागरीत, उच्चार जसा आहे तसा)
साप चावला: आडवं करा. हलवू नका. धुवू नका. पट्ट्या फ्रिजवरच्या लाल डब्यात.
रागावू नका.